कुडकुडत्या वर्गातलं इंग्रजी

प्रश्न : जपानमधल्या नागानोतल्या प्राथमिक शाळेत साहाय्यक इंग्रजी शिक्षिका म्हणून जानेवारीत रुजू होते आहे. तिसरी-चौथीचे वर्ग आहेत. तिथल्या थंडीत तासाची तयारी कशी करू? — एक शिक्षिका, फोंडा

आपल्याकडे पारा विशीत आला की कपाटातले स्वेटर निघतात. नागानोत जानेवारीतली सकाळ शून्याखालची. त्यात ऊब असते ती वर्गात, व्हरांडा बहुधा गारठलेलाच. शाळेत बाहेरचे बूट चालत नाहीत, आतले वेगळे लागतात. ते जाड लोकरी मोज्यांवर घालून पाहूनच घ्या.

या इयत्तांना वर्षाला इंग्रजीचे ३५ तास, म्हणजे आठवड्याला साधारण एकच, तोही ४५ मिनिटांचा. पहिली आठ मिनिटं मुलांना उभंच ठेवा : 'जंप', 'टच युअर नोज', 'क्लॅप'. आखडलेलं मूल ओठ हलवत नाही. नवे शब्द सहाच घ्या. फ्लूची साथ आली की अख्खा वर्ग काही दिवस बंद ठेवतात, म्हणून प्रत्येक तास आपल्यापुरता पुरा असू द्या. 'मागच्या वेळचं पुढे' इथे टिकत नाही.

वर्गात रॉकेलचा हीटर असेल तर त्याच्याजवळची रांग पेंगते आणि खिडकीजवळची कुडकुडते. जोड्यांचे खेळ घेताना दोन्ही रांगांची अदलाबदल करा. वर्गशिक्षक मधूनच खिडकी उघडतील, ती लावू नका. कोंदट हवेत मुलं लवकर मलूल होतात.

चित्रकार्डं लॅमिनेट करू नका. कोरड्या हवेत प्लास्टिक एकमेकांना चिकटतं आणि गारठलेल्या बोटांनी ते बाकावरून उचलता येत नाही. जाड पुठ्ठा बरा. नववर्षात जपानी मुलं कारुता, म्हणजे ऐकून पत्ता झडपण्याचा खेळ, खेळतात. त्यामुळे नियम समजावण्यात वेळ जात नाही. चौघांत बारा कार्डं पुरतात.

त्याहून सोपा खेळ खोडरबराचा. दोघांत एक खोडरबर, हात डोक्यावर. तुम्ही शब्द म्हणायचा, मुलांनी मागोमाग. ठरलेला शब्द आला की झडप. तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच म्हटलात तर सराव होतच नाही. आधी निदान आठ शब्द जाऊ द्या.

मास्कची आता सक्ती नाही, पण तुम्ही तो लावलात तर 'थ्री'ची जीभ दिसणार कशी? एक पंजा आडवा धरा, ते वरचे दात. दुसऱ्या हाताची बोटं त्याखालून किंचित पुढे आणा, ती जीभ. मुलं हाताने नक्कल करतात आणि मग तोंडानेही.

प्रश्न : डिचोलीहून जपानी मुलांना ऑनलाइन शिकवतो. 'मिल्क'चं 'मिरुकु' होतं. का? — एक वाचक

जपानी लिपीला आपला पाय मोडायची सोय नाही. 'न्'सारखा एक अनुस्वार सोडला तर प्रत्येक अक्षरात स्वर असतोच, आणि 'र'-'ल' वेगळे नाहीत. म्हणून काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहून घेणं आधी थांबवा. शेवटच्या 'क्'वर मूठ घट्ट मिटा आणि मुलांनाही मिटायला लावा. मिटलेल्या मुठीनंतर 'उ' निघाला की त्यांचं त्यांनाच कळतं.

'व्हेस्ट' मात्र जपून. त्यांच्या तोंडी ते 'बेसुतो' होतं, आणि आपल्या मराठी जिभेवर 'वेस्ट' नि 'व्हेस्ट' सहज एक होतात. वरचे दात खालच्या ओठाला लागले की 'व्हेस्ट', ओठांचा चंबू झाला की 'वेस्ट'. तासाआधी आरशात पाहून घ्या. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, तेव्हा शाळा सुटल्यावरचा तिथला साडेचारचा तास म्हणजे आपली दुपारची एकची वेळ.