एफडी मोडू नका, वाटणी बदला

नाशिकच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा पगार ४६ हजार, मिस्टरांचा ७८ हजार. घरखर्च ६२ हजार, तो दोघं निम्मा-निम्मा उचलतात. ताईंनी पै-पै साठवून ३ लाखांची एफडी केलीय, ७ टक्क्यांची. ती १४ महिन्यांनी पिकेल. मिस्टरांचा हात मात्र सढळ. क्रेडिट कार्डावर १ लाख ८४ हजार थकलेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, आणि ते दरमहा ९,२०० भरतात. एफडी मोडून कार्ड फेडू का आणि पुढे त्यांचा पगार मीच ताब्यात घेऊ का, असं ताई विचारतात.

ताई, कार्ड याच महिन्यात फेडा, पण एफडी न मोडता.

त्या ९,२०० चं काय होतं बघा. ६,४४० रुपये व्याजात जातात, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी १,१५९. मुद्दल कमी होतं फक्त १,६०१ रुपयांनी. शिवाय थकबाकी आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज किराणा घेतला, तर व्याजही आजपासूनच.

म्हणून एफडी तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तिच्यावर मिळणारं कर्ज घ्या आणि त्यातून कार्ड फेडा. बँका साधारण एफडीच्या दरावर एक-दोन टक्के जादा लावतात. ९ टक्के धरले, तर पहिल्या महिन्याचं व्याज १,३८० रुपये. मिस्टरांच्या पगाराच्या खात्यातून दर महिन्याला १५ हजार आपोआप वळते करा. तेराव्या महिन्यात कर्ज संपेल, एफडी पिकायच्या आधी. हप्ते थांबले तर बँक तुमच्या एफडीतून वसूल करेल, हे सही करण्याआधी दोघांनी समोरासमोर बोलून घ्या.

पण मला खरी काळजी वाटते ती तुमच्या निम्म्या-निम्म्या वाटणीची. ३१ हजार दिल्यावर तुमच्या हातात १५ हजार उरतात, त्यांच्या हातात ४७ हजार. तुमच्या पगारातला दोन तृतीयांश भाग घरात जातो, त्यांच्यातला ४० टक्के. दाढेचं रूट कॅनल चार महिने पुढे ढकललंय, असं तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. त्याला काटकसर म्हणू नका, ताई. तुमच्या घराचा हिशोब तर फार सरळ बसतो: दोघांनी आपापला निम्मा पगार घरखर्चाच्या जॉइंट खात्यात टाकायचा. त्यांचे ३९ हजार, तुमचे २३ हजार, झाले ६२ हजार.

पगार ताब्यात घेऊ नका. कमावत्या माणसाला चहापाण्यासाठी बायकोकडे हात पसरावा लागला, की चोरून खर्च सुरू होतो. अशी घरं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे उरणाऱ्या ३९ हजारांतून १५ हजारांचा हप्ता आणि १० हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) पगाराच्या दुसऱ्याच दिवशी जाऊ द्या. उरलेल्या १४ हजारांत त्यांनी भाच्याला टॅब घेतला काय, मित्रांना जेवण दिलं काय, विचारू नका. तुम्हीही तुमच्याकडे उरणाऱ्या २३ हजारांतले पाच हजार स्वतःवर खर्च करायचे. साठवायचे नाहीत. पहिल्या काही महिन्यांत दाढ.

एफडी तुमच्या एकटीच्या नावावरच राहू द्या. मिस्टर नॉमिनी असले की पुरे.

कार्ड फेडल्यावरही पुढच्या बिलात थोडं मागचं व्याज येईल. दचकू नका, तेही पूर्ण भरा, आणि ते बिल कोरं होईपर्यंत कार्ड वापरू नका. मग बँकेच्या ॲपमध्ये लिमिट ५० हजारांवर आणा आणि ऑटोपे ‘मिनिमम ड्यू’वरून (किमान रक्कम) ‘टोटल ड्यू’वर (पूर्ण बिल) करून घ्या. मिस्टरांच्या हातानेच.