फेब्रुवारीत फिजीला जावं का? तेव्हा समुद्र खूप खवळलेला असतो का?

तुम्ही लिहिलंय की आठ दिवसांची ट्रिप आहे, त्यातले चार दिवस यासावा बेटांवर, सोबत सासूबाई. आणि ऑफिसातल्या कुणीतरी "तो वादळांचा सीझन आहे" म्हणून घाबरवलंय. मी नोकरीनिमित्त चार वर्षं फिजीच्या राजधानीत, सुव्याला होतो, म्हणून लिहितो.

सीझन वादळांचाच, नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात तेव्हा तिकडे कोरडा हंगाम असतो, आणि आपला दर्या निवळला की तिकडे लोक खिडक्यांवर ठोकायच्या फळ्या शोधू लागतात. २० फेब्रुवारी २०१६ ला आलेलं विन्स्टन चक्रीवादळ ताशी २८० किलोमीटरच्या वाऱ्यांचं होतं, फिजीत ४४ माणसं गेली. त्याची चाल तर विचित्रच. टोंगाच्या वावाऊ बेटांजवळून पुढे गेलं, थबकलं, उलटं फिरलं, त्याच बेटांना पुन्हा झोडपलं आणि मग फिजीवर आलं. फिजियन भाषेत अशा वादळाला ‘दांगीलाम्बा’ म्हणतात, म्हणजे खुनी वारा.

तरीही नेमक्या तुमच्या आठवड्यात असं वादळ येण्याची शक्यता कमीच. आलंच तर तिथल्या नांदी शहरातल्या हवामान केंद्राकडून आधी इशारा मिळतो आणि बोटी बंद होतात. आमच्या शेजारच्या मावशी (गिरमिटियांच्या, म्हणजे ब्रिटिशांनी करारावर तिकडे नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशातल्या) रेडिओवर बातमी ऐकली की आधी बादल्या-पातेली पाण्याने भरायच्या, मग रोट्यांची चळत लाटून ठेवायच्या. वादळाची तयारी तिथे कुणाला शिकवावी लागत नाही.

मला जास्त भीती वाटते ती निरभ्र दिवशी येणाऱ्या लाटेची. जुलैतली गोष्ट आहे. दक्षिण किनाऱ्यावर, ज्याला कोरल कोस्ट म्हणतात तिथे, मी मास्क लावून पाण्यात उतरायच्या बेतात होतो. ऊन लख्ख, माडाची झावळीही हलत नव्हती. बाजूला जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने फक्त नकारार्थी मान हलवली आणि प्रवाळाच्या भिंतीकडे बोट दाखवलं. चार-पाच लाटा साध्या, मग लागोपाठ तीन अशा की पलीकडचं क्षितिज दिसेना. भिंतीवरून आत आलेलं ते सगळं पाणी परत जायला वाट एकच, भिंतीतली खिंड. माझी एक चप्पल पाण्यात गेली होती. बघता बघता ती नदीत पडल्यासारखी खिंडीतून बाहेर गेली. दुसरी हातात घेऊन मी परत आलो.

ती लाट दक्षिणेकडच्या कुठल्यातरी थंड समुद्रातल्या वादळाने पाठवलेली. फेब्रुवारीत ती लांबच्या चक्रीवादळाकडूनही येते. मार्च २०१५ मध्ये पॅम वादळाने झोडपलं वानुआतूला, पण त्याच्या लाटांनी दूरच्या तुवालूतही दाणादाण उडवली. जानेवारी २०२४ मध्ये मार्शल बेटांतल्या रोई-नामूरच्या लष्करी तळावर लाटेने जेवणघराचे दरवाजे फोडले, तेव्हा जवळपास एकही चक्रीवादळ नव्हतं. मुंबईसमोर समुद्र लांबवर उथळ आहे, त्यामुळे लाट येता येता बरीच थकते. या बेटांभोवती प्रवाळाची भिंत संपली की थेट खोल पाणी, लाटेला दमायला जागाच नाही. भर समुद्रात बोटीखालून ती गेली तरी तुम्हाला नुसता हेलकावा जाणवेल. उभी राहते ती भिंतीशी आल्यावर.

म्हणून जा, पण यासावाचे चार दिवस ट्रिपच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे बोट रद्द झाली तर परतीचं विमान चुकणार नाही. विमा आजच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाची भरपाई सहसा मिळत नाही. पोहायचं तर खिंडीपासून लांब, आणि आधी रिसॉर्टच्या बोटवाल्याला विचारून. त्याने नुसती मान हलवली तरी वाद घालू नका.

बोटीचा बराच रस्ता बेटांच्या आडोशाने जातो, पण मधला एक टप्पा उघडा आहे आणि दुपारी तिथे वारा चढतो. सकाळची बोट घ्या. सासूबाईंना खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसवा आणि उलटीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधीच द्या. मळमळायला लागल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही.