गुण वाढवू नकोस

चि. नव्या मुख्याध्यापकास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचं पालकांसाठीचं आवाहनही मिळालं. पत्र वाचून मन भरून आलं आणि आवाहन वाचून राग आला. दोन्ही एकाच माणसाने लिहिलंय यावर विश्वास बसेना, म्हणून लगेच उत्तर लिहायला बसले.

पत्रात लिहिलंस ते खरं दुखणं आहे. शाळेचं पहिलं वर्ष, आठवी-नववी दोनच वर्ग, डोक्यावर पत्रे. पहिल्या घटक चाचणीत नववीच्या निम्म्या पोरांना गणितात 20 पैकी 5 सुद्धा पडले नाहीत. तीन आकडी संख्येला एका आकड्याने भागता येत नाही. काहींना धडा सलग वाचता येत नाही. पालकसभा दसऱ्याआधीच घ्यायला हवी, कारण दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघणार आणि वस्त्या ओस पडणार. सभेत आईबापांना विनवायचं की पोराला साखर कारखान्यावर नेऊ नका, आजीपाशी ठेवा, शाळा सुटू देऊ नका. आणि त्याच सभेत 20 पैकी 3 गुणांचं प्रगतिपत्रक त्यांच्या हातात ठेवायचं! बाप म्हणेल, नऊ वर्षं शाळेत जाऊन भागाकार येत नाही, मग कोयताच बरा. संस्थेच्या अध्यक्षांनी सुचवलं की पहिल्या वर्षी हात जरा सैल सोड, सगळ्यांना निम्म्याच्या वर आण, पट टिकला तर शाळा टिकेल. आणि तुला ते पटायला लागलंय. त्यात तुझा स्वार्थ नाही. पोर गावात राहावं, एवढंच तुला हवंय.

कळलं मला सगळं. तरी सांगते, गुण वाढवू नकोस. आईबापाला खरं सांग.

अध्यक्षांना मी वाईट म्हणत नाही. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली काढलेली शाळा, सरकारकडून पगाराला रुपया येणार नाही. पट घसरला की मास्तरांचा पगार थांबतो. पुढच्या वर्षी दहावीची पहिली तुकडी बसवायची आहे. त्यांची झोप उडाली असेल तर नवल नाही. पण त्यांची झोप उडू नये म्हणून मुलाच्या कागदावर खोटा आकडा लिहायचा, हे काम मुख्याध्यापकाचं नव्हे.

ही मुलं नववीपर्यंत भागाकाराविना कशी पोचली, याचा विचार केलास का? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरवलं. त्याच कायद्याने मुलाचं सतत मूल्यमापन करायलाही सांगितलं होतं. ते किती ठिकाणी मनापासून झालं? श्रेण्या भरल्या गेल्या, रकाने भरले गेले. 2019 मध्ये केंद्राने कायदा बदलला, आपल्या राज्याने 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली, पण तुझ्या वर्गातली मुलं त्याआधीची बरीच वर्षं तशीच पुढे सरकलेली आहेत. हे फक्त आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं नाही. मुलांना प्रत्यक्षात काय येतं ते तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या 2023 च्या अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांची पाहणी आहे. त्यात जवळपास चौथ्या हिश्श्याला स्वतःच्या भाषेतला दुसरीचा उतारा सफाईने वाचता आला नाही, आणि तुझ्या पोरांना अडतो तोच भागाकार निम्म्याहून जास्त जणांना आला नाही.

मुलं ढ नव्हती. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी भल्या मनाने तेच केलं जे तू आता करायला निघालायस. ‘जाऊ दे, पोर हिरमुसेल.’ ‘जाऊ दे, बाप शाळेतून काढेल.’ असं जाऊ दे, जाऊ दे करत ते पोर तुझ्यापाशी येऊन पोचलंय. तूही जाऊ दे म्हणालास तर पुढे कुठे जाणार ते? पुढे बोर्ड आहे.

बोर्डाचं आठवतं ना? 2018 ला राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 ला भाषा विषयांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढून घेतले आणि निकाल 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता हे खरं, सगळा दोष त्या 20 गुणांचा नव्हे. पण 2020 ला ते गुण परत आले आणि निकाल 95.30 वर गेला. एका वर्षात मुलं एवढी हुशार झाली म्हणायचं का? त्या 2019 च्या जूनमध्ये किती घरांत रडारड झाली ती मी पाहिली आहे. आईबाप आमच्याकडे येऊन विचारत होते, बाई, नववीपर्यंत तर चांगले गुण होते, मग हे काय झालं? त्या प्रश्नाला माझ्या सहकाऱ्यांपैकी कुणापाशी उत्तर नव्हतं.

आणि तू कुणाला फसवणार आहेस? तुझ्या सभेला येणारा बाप तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी घेतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर वजन मारलं जातं ही शंका त्याला जन्मभर पुरली आहे. गाडी भरताना हाताला ओझं कळतं, आणि पावतीवर आकडा वेगळाच येतो. त्या माणसाच्या लेकराचं माप शाळेने तरी नीट घालावं की नाही? काटा वर दाखवला काय आणि खाली दाखवला काय, मारलेला काटा तो मारलेलाच. आईबापाला खरं सांग.

माझंही एक पहिलं वर्ष होतं, हे तुला थोडंफार ठाऊक आहे. डोंगरकडेच्या गावात नवी माध्यमिक शाळा निघाली आणि मला तिथे पाठवलं. मीही दसऱ्याआधी सभा घेतली. एकेका पालकाला बाजूला बसवून मुलाला काय येतं आणि काय येत नाही ते सांगितलं. त्या हंगामात वर्ग बराच रिकामा झाला. संस्थेच्या लोकांनी ते माझ्या नावावर मांडलं, वर्ष संपल्यावर मला दुसरीकडे धाडलं, आणि ‘बाई हट्टी आहेत’ हे बिरूद निवृत्तीपर्यंत चिकटलं.

त्यातली एक मुलगी अजून डोळ्यांपुढून जात नाही. बोलायला चुणचुणीत, गाणी म्हणायची, गणितात मात्र पार कोरी. तिच्या बापाने माझं सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि म्हणाला, तुम्ही खरं बोललात बाई. दिवाळीनंतर तो तिला घेऊन गेला. पुढच्या हंगामाआधी तिचं लग्न झालं, कारण नवरा-बायकोचा मिळून एक कोयता होतो आणि टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. मला पुष्कळांनी ऐकवलं की त्या दिवशी तिला दहा गुण जास्त दिले असतेस तर ती पोर शिकली असती. कदाचित राहिलीही असती एखादं वर्ष. मग? दहावीच्या पेपरात तिचे गुण कोण वाढवणार होतं? नापासाचा शिक्का घेऊन ती त्याच कोयत्यावर गेली असती, आणि वर बापाला कळलं असतं की बाईनेही आपल्याला फसवलं. त्या घरातली धाकटी भावंडं मग कुठल्या शाळेवर विश्वास ठेवून आली असती? मी तेव्हा खरं बोलले ते योग्यच होतं. आजही तेच बोलेन. हे मी तुला सांगतेय की स्वतःला, असं तू मनात म्हणशील. म्हण बापडा. मला त्याने फरक पडत नाही.

सल राहिला तो वेगळा. मी काय कमी आहे ते सांगू शकले, ते भरून काढायला माझ्यापाशी हात नव्हते. गणिताला शिक्षक नव्हता, मी आणि एक मराठीचे गुरुजी मिळून सगळी शाळा ओढत होतो. ‘पोराला भागाकार येत नाही’ यापुढे मला बापाला काही देता आलं नाही. तुझ्याकडे चार तरुण शिक्षक आहेत, त्यातले दोघे गावातच राहतात. तुझं खरं माझ्यापेक्षा पुढे जाऊ शकतं, आणि तू गुण वाढवायच्या गोष्टी करतोस!

आता तुझ्या आवाहनाकडे येते. ‘शंभर टक्के निकालाची हमी.’ अरे, दहावीचा वर्ग अजून उघडला नाही, निकाल कुठला आणि हमी कुठली? ‘डिजिटल वर्गखोल्या.’ तुझ्या शाळेत दुपारी वीज नसते हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. ‘उज्ज्वल भविष्याची पहाट.’ हे वाक्य खोड. शहरातल्या शाळांच्या फलकावरून उचललेली भाषा आहे ही. जी आई अंगठा उठवते तिला हा कागद कुणीतरी वाचून दाखवणार आहे. वाचून दाखवताना वाचणाऱ्याला लाज वाटणार नाही, एवढं पाहून लिही.

असं काहीतरी लिही. ‘आमची शाळा नवी आहे. इमारत अर्धी आहे. आम्ही मुलांची चाचणी घेतली. पुष्कळांना वाचायला आणि भागाकाराला अडतं. यात मुलांचा दोष नाही. रोज शाळा भरण्याआधी एक तास आम्ही फक्त वाचन आणि गणित घेणार आहोत. संक्रांतीपर्यंत भागाकार यावा, असा आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी मूल गावात असलं पाहिजे.’ बस. खाली तुझी सही.

त्या जादा तासाला आठवी-नववी भेद ठेवू नकोस. ज्याला जिथे अडतं तिथून त्याला उचल, नववीतला पोरगा आठवीतल्याच्या शेजारी बसला तर बसू दे. आणि ‘संक्रांतीपर्यंत’ लिहिलंस तर संक्रांतीला पुन्हा चाचणी घे आणि तिचेही खरे गुण कळव. बाप फडात असेल तर फोनवर कळव. कारखान्यावर रात्री कोप्यांमध्ये, त्या पाचटाच्या झोपड्यांमध्ये, सगळे असतात, तेव्हा फोन लागतो. दिवसा करू नकोस, लागला तरी बोलायला सवड नसते.

सभा रात्री घे. दिवसा घेतलीस तर बाप येतील, आया येणार नाहीत, आणि पोराला ठेवायचं की न्यायचं हे बऱ्याच घरांत शेवटी आईच ठरवते, कारण स्वयंपाक आणि धाकटी पोरं कोण सांभाळणार हा तिचा प्रश्न असतो. गुण भर सभेत मोठ्याने वाचू नकोस, एवढं सांगायला नको तुला. एकेका घराला बाजूला घे. पोराचा पेपर समोर ठेव आणि जे आलंय तेही दाखव. खरं सांगायचं म्हणजे नुसतं उणं सांगायचं असं नाही. ज्याला भागाकार येत नाही त्याला उसाच्या मोळ्यांचा हिशेब तोंडी येतो, हे मी कित्येकदा पाहिलंय. तेही सांग बापाला.

आणखी एक खरं सांगायला विसरशील म्हणून लिहिते. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावात ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची सोय आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असते. नववीच्या पालकांना वाटतं, धाकट्याची सोय होते तशी थोरल्याचीही होईल. होत नाही. हे त्यांना निघायच्या आदल्या दिवशी कळता कामा नये. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची सरकारी वसतिगृहं निघाली आहेत, तुझ्या तालुक्यात जागा आहेत का ते स्वतः जाऊन विचार, सभेआधी विचार. नातेवाइकाच्या गावाहून ये-जा करणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, त्याचे अर्ज सभेतच भरून घे. जिथे काहीच सोय नाही तिथे ‘सोय नाही’ असं म्हण. उगाच ‘बघू, करू’ म्हणू नकोस. आपल्याकडच्या माणसांनी ‘बघू, करू’ फार ऐकलंय.

इतकं करूनही काही जण पोराला नेतील. नेऊ देत. भांडू नकोस, दाखला हातात देऊन मोकळा होऊ नकोस, पटावरून नाव काढायची घाई करू नकोस. कुठल्या कारखान्यावर जाणार ते लिहून घे, पाठ्यपुस्तकं बरोबर दे. होळीच्या सुमारास टोळ्या परतू लागतात, तेव्हा त्या घरी पहिला तू जा. तुझ्याविषयी खरं बोलणारा मास्तर एवढं जरी मत त्या घरात राहिलं असलं, तरी दार उघडेल. आणि नाही उघडलं तरी पुन्हा जा.

अध्यक्षांना हे सगळं तूच सांग, माझं नाव पुढे करू नकोस. पहिल्याच वर्षी तुला दुसऱ्याच्या नावाआड उभं राहायची सवय नको. ते चिडतील. पट कमी झाला तर तुझ्यावर येईल, हेही खरं. मी तुला पगाराची हमी देऊ शकत नाही, नोकरीची नाही. तुला पटत नसेल तर आत्ताच राजीनामा दे, पण गुण वाढवून त्या खुर्चीवर बसू नकोस.

पेपर पुन्हा तपासायला घेणार होतास असं लिहिलंयस. घेऊ नकोस. गठ्ठा बांध, पडलेले गुण आज रात्रीच रजिस्टरला चढव आणि मग नवं आवाहन लिहायला बस. छापायला टाकण्याआधी मला पाठव, दोन दिवसांत वाचून परत करते.

तुझी,
बाई