वाचकांचे प्रश्न : लेकीच्या फ्रेंच गावाभोवती काय पाहावे?

प्रश्न : आम्ही दोघे दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात कपाशी आणि तुरीची शेती करतो. आमची लेक आणि जावईबापू फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात, सार्ला या गावाजवळच्या एका लहानशा खेड्यात राहतात. पोळा आटोपल्यावर आणि वेचणी सुरू होण्याआधी, सप्टेंबरात, तीन आठवडे त्यांच्याकडे जावे असा विचार आहे. पॅरिसची आम्हांला फारशी ओढ नाही. त्या खेड्याच्या आसपासची जुनी चर्च, किल्ले आणि शेतशिवार पाहावे असे वाटते. आम्ही माळकरी आहोत, फ्रेंच येत नाही आणि चर्चमध्ये आजवर कधी पाऊल टाकलेले नाही. काय पाहावे आणि कसे पाहावे?

उत्तर : आपला बेत मला मनापासून आवडला. त्या मुलखाचे जुने नाव पेरिगोर. एका खेड्यात मुक्काम ठेवून रोज थोडे थोडे हिंडणाऱ्याला तिथे जितके मिळते, तितके दिवसाला चार ठिकाणे उरकणाऱ्याला कधीच मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, कोणत्याही नावाजलेल्या ठिकाणी जाण्याआधी लेकीच्या गावातले चर्च नीट पाहावे. ते बंद असेल तर किल्ली बहुधा गावच्या पालिका कार्यालयात, म्हणजे तिथल्या भाषेत ‘मेरी’मध्ये, किंवा शेजारच्या एखाद्या घरी ठेवलेली असते आणि मागितल्यास मिळते.

आत जाणाऱ्याचा धर्म कोणी विचारत नाही. पुरुषांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यावी, जोडे मात्र काढावे लागत नाहीत. आवाज हळू ठेवावा आणि प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावे, त्या वेळी फिरून पाहू नये. आता एकेका पुरोहिताकडे अनेक गावे असल्यामुळे लहान गावात दर रविवारी प्रार्थना होतेच असे नाही.

आत शिरण्याआधी बाहेरून एक प्रदक्षिणा घालावी. चर्चचे पूर्वेकडचे टोक, जिथे वेदी असते, ते त्या भागात पुष्कळदा अर्धगोल असते आणि बांधकामाची सुरुवात बहुधा तिथूनच होत असल्यामुळे इमारतीचा सर्वांत जुना भाग तोच असण्याचा संभव असतो. अर्धवर्तुळाकार कमानी, जाड भिंती आणि अरुंद खिडक्या दिसल्या तर ते काम साधारणपणे अकराव्या-बाराव्या शतकातले समजावे. टोकदार कमान दिसली तर तो भाग बहुधा त्यानंतरचा. छताच्या कडेखाली दगडी टोडे ओळीने बसवलेले असतात आणि त्यांवर माणसांची तोंडे, जनावरे, वाकुल्या दाखवणारे चेहरे कोरलेले असतात. घाई असलेल्या माणसाला ते दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम मान वर करून पाहावेत. मनोऱ्याच्या वरच्या भागात भिंतीला बाण मारण्यापुरत्या फटी असतील, तर लढाईच्या दिवसांत गावकरी जीव वाचवण्यासाठी तिथे चढून बसत असत असे समजावे.

छताकडे विशेष लक्ष द्यावे. त्या भागातील पुष्कळ जुन्या छतांवर कौले नसून चुनखडीच्या चपट्या फरश्या आहेत. त्यांना ‘लोझ’ म्हणतात. त्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात, तर एकीच्या वजनाने दुसरी दबून बसेल अशा थरांनी रचलेल्या असतात. एका चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भार पडतो, त्यामुळे खाली ओक लाकडाचा भक्कम सांगाडा उभारावा लागतो आणि उतार खूप तीव्र ठेवतात. असे छत पाहायचे असेल तर व्हेझेर नदीकाठचे सँ-लेओं गावातले छोटे चर्च आणि सँ-तामाँ-द-कोलीचे मठाचे चर्च ही दोन्ही पाहावीत. दुसरे तर चर्च आहे की गढी, असा प्रश्न पडावा इतके उंच आणि तटबंद आहे.

यानंतर एक पूर्ण दिवस कादुअँ या गावासाठी राखून ठेवावा. तिथला मठ १११५ साली स्थापन झाला आणि त्याच्या चर्चचे अभिषेकपूर्वक उद्घाटन ११५४ साली झाले. या मठात जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे, एक वस्त्र होते. येशूच्या मृतदेहाचे डोके ज्यात गुंडाळले होते तेच हे, अशी श्रद्धा होती आणि त्याच्या दर्शनासाठी शतकानुशतके यात्रेकरू लांबून चालत येत असत. वस्त्राच्या कडेला रेशमाने विणलेल्या रंगीत पट्ट्या आहेत आणि त्यांत नक्षीसारखी दिसणारी अक्षरे आहेत. १९३०च्या दशकात अभ्यासकांनी ती अक्षरे वाचली, तेव्हा ती कुफी वळणाची अरबी लिपी निघाली आणि तीत इजिप्तच्या फातिमी खलिफाचे, अल्-मुस्तालीचे, नाव सापडले. त्याची कारकीर्द १०९४ ते ११०१ अशी असल्यामुळे वस्त्र त्या काळातले ठरले. स्थानिक बिशपांनी यात्रा थांबवली. मला या घटनेत सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की, सत्य कळल्यावर ते लपवले गेले नाही आणि वस्त्रही फेकून दिले गेले नाही. इजिप्तच्या विणकरांच्या कौशल्याचा नमुना म्हणून ते जपले गेले. आपण वारकरी आहात, तेव्हा चालत येणाऱ्या भाविकांनी घडवलेले गाव कसे असते हे आपल्याला तिथे न सांगताही उमजेल. चर्चला लागून चौकोनी ओवरी आहे. ती नंतरच्या, पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या कामाची असून तिच्या खांबांवरचे कोरीवकाम जवळ जाऊन पाहण्यासारखे आहे.

किल्ल्यांपैकी बेनाक आणि कास्तेलनो हे दोन एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक पाहावेत, कारण ते एकमेकांशिवाय समजत नाहीत. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या राजघराण्यांतील युद्ध १३३७ ते १४५३ असे, मध्ये मध्ये खंड पडत, चालले आणि त्यात दोर्दोन्य नदी बराच काळ दोन पक्षांमधली सीमा होती. बेनाक फ्रेंच राजाच्या बाजूला, तर समोरच्या काठावरचा कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या बाजूला होता. बेनाक नदीपासून सुमारे १५० मीटर उंच कड्यावर आहे. त्याच्या तटावर उभे राहिल्यावर समोरच्या तटावरची हालचाल दिसते आणि पिढ्यान्‌पिढ्या शत्रूच्या नजरेसमोर राहणे म्हणजे काय, याची कल्पना येते. गावातून वर जाणारी वाट चढाची आणि दगडी आहे. गुडघे दुखत असतील तर जावईबापूंना गाडी वरच्या बाजूने न्यायला सांगावे. कास्तेलनो नंतरच्या काळात ओसाड पडला होता आणि लोक त्याचे दगड काढून नेत असत. विसाव्या शतकात त्याची दुरुस्ती झाली आणि आता तिथे मध्ययुगीन युद्धकलेचे संग्रहालय आहे. तटावर दगडफेकी यंत्रे मूळ मापाने पुन्हा बांधून उभी केली आहेत. लांब दांड्याच्या आखूड टोकाला जड पेटी, लांब टोकाला गोफण. पेटी सोडली की ती खाली कोसळते आणि गोफणीतला दगड सुटतो. गोफणीने पाखरे हाकललेल्या माणसाला हे यंत्र चटकन कळेल.

जवळच मिलांदचा वाडा आहे. जोझेफिन बेकर या कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तकी-गायिकेने तो १९४७ साली विकत घेतला आणि वेगवेगळ्या देशांतून दत्तक घेतलेली बारा मुले तिथे वाढवली. वेळ उरल्यास पाहावा. लास्कोची चित्रगुहा १९४० साली सापडली. पाहुण्यांच्या श्वासाने चित्रांवर शेवाळ धरू लागल्यामुळे मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे. २०१६ पासून दाखवली जाते ती तिची हुबेहूब प्रतिकृती. तिची तिकिटे आधी काढून ठेवावीत.

शेतकरी म्हणून आपल्याला मोंपाझिये आवडेल, अशी माझी खात्री आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८४ साली हे गाव आखून वसवले. सरळ रेषेतले रस्ते, मध्ये कमानींनी वेढलेला बाजारचौक आणि चौकात लाकडी खांबांचा बाजारमांडव, असा त्याचा घाट आहे. त्या मांडवात धान्य मोजण्याची जुनी मापे अजून जागच्या जागी आहेत. धान्य वरून ओतायचे आणि माप भरले की खालून मोकळे करायचे, अशी त्यांची रचना आहे. पायलीने ज्वारी मोजलेल्या माणसाने ही मापे हात लावून पाहावीत.

उरलेले दिवस पायी हिंडण्यासाठी ठेवावेत. जवळच्या फेरीच्या वाटांवर झाडाला किंवा दगडाला पिवळा पट्टा रंगवलेला असतो. फुली दिसली तर वाट चुकली असे समजून मागे फिरावे. शासकीय नकाशा १:२५,००० या प्रमाणाचा मिळतो. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि रानातले एकाकी प्रार्थनाघर, धुण्याचे जुने कुंड, पडकी भिंत असे सगळे दाखवलेले असते. मका आणि सूर्यफुलाची वावरे, अक्रोडाच्या बागा, तंबाखू वाळवण्याची उंच लाकडी कोठारे, चुन्याविना नुसत्या दगडांनी रचलेली गोलाकार खोपटी, आणि शेणखताइतकीच मोलाची मानली गेलेली विष्ठा मिळावी म्हणून बांधलेली कबुतरांची घरे, हे सारे वाटेवर भेटते. शिकारीचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, म्हणून रानात जाताना भडक रंगाचे कपडे घालावेत आणि बंदुकीचे आवाज येत असतील त्या बाजूला जाऊ नये.

जेवणाबाबत एक इशारा द्यायलाच हवा. तिथली प्रसिद्ध बटाट्याची भाजी, पोम सार्लादेझ, बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परततात; नुसते बटाटे पाहून मागवू नये. मांस, मासे, अंडी आणि कोणत्याही प्राण्याची चरबी चालत नाही, असे फ्रेंचमध्ये लिहिलेली चिठ्ठी लेकीकडून घेऊन खिशात ठेवावी. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. भाज्या, फळे आणि अक्रोड तिथून आणावेत. दुपारी बारा ते दोन बरीच कार्यालये आणि छोटी दुकाने बंद असतात आणि खेड्यांत बस फार थोड्या, हे लक्षात ठेवून दिवस आखावा. व्हिसासाठी लेकीला आपल्या गावच्या मेरीतून पाहुण्यांच्या मुक्कामाचे हमीपत्र घ्यावे लागते आणि आपल्याला किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. हमीपत्राला वेळ लागू शकतो, म्हणून ते काम आधी सुरू करावे.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यातील शाळेत इतिहास शिकवतो. यंत्रे नसताना युरोपातले किल्ले नेमके कसे बांधले, हे मुलांना दाखवता येईल असे काही फ्रान्समध्ये आहे का?

उत्तर : आहे, आणि फार चांगले आहे. बुर्गोन्य प्रांतातील गेदलों येथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीचा नवा किल्ला बांधला जात आहे. दगड तिथल्याच खाणीतला, लाकूड भोवतालच्या रानातले, आणि ओझी वर नेण्यासाठी माणूस आत चालून फिरवतो ते मोठे लाकडी चाक. मोजमाप गाठी मारलेल्या दोरीने होते. हे ठिकाण दोर्दोन्यपासून दूर आहे, पण बांधकामाच्या चित्रफिती सहज मिळतात. आपल्या मुलांना हेमाडपंती देवळांतले दगड एकमेकांत कसे अडकवले आहेत हे माहीत असेलच, तेव्हा चित्रफीत दाखवताना तिथला चुन्याचा वापर अवश्य दाखवावा.

प्रश्न : आदरणीय सर, मी चामोर्शी तालुक्यात राहते आणि गडचिरोलीच्या महाविद्यालयात शिकते. मार्कंडा आमच्यापासून जवळ आहे. आमच्या शिवारातही एक पडके देऊळ आहे, पण त्याकडे कोणी पाहत नाही. फ्रान्समधल्या खेड्यांत एवढी जुनी चर्च कोण सांभाळते?

उत्तर : बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर एका कायद्यात आहे. १९०५ साली फ्रान्सने शासन आणि धर्मसंस्था यांची फारकत केली. त्यातून आणि नंतरच्या तरतुदींमुळे त्याआधी बांधलेली गावोगावची चर्च गावच्या पालिकेच्या मालकीची झाली. उपासनेसाठी ती भाविकांना विनामूल्य वापरता येतात, पण गळणारे छत दुरुस्त करण्याचा भार प्रत्यक्षात गावावर येतो. त्यामुळे काही शे लोकवस्तीच्या गावालाही बाराव्या शतकातल्या भिंतीचा हिशोब आपल्या अंदाजपत्रकात मांडावा लागतो. हे काम जड आहे. अनेक गावांना ते झेपत नाही आणि काही चर्च पडझडीला लागलेली आहेत, हेही तुला सांगायला हवे.

मदतीची व्यवस्था मात्र जुनी आहे. ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक म्हणून १८३४ साली प्रोस्पेर मेरिमे यांची नेमणूक झाली. त्यांनी देशभर हिंडून नोंदी केल्या आणि १८४० साली संरक्षित वास्तूंची पहिली यादी निघाली. आज संरक्षित वास्तूभोवती साधारण ५०० मीटरांच्या आत काही बांधायचे तर शासनाच्या वास्तुतज्ज्ञाचे मत घ्यावे लागते. यादीत नसलेल्या गावकुसातल्या वास्तूंसाठी १९९६च्या कायद्याने एक वारसा प्रतिष्ठान स्थापन झाले. गाव वर्गणी जाहीर करते, प्रतिष्ठान ती गोळा करते आणि देणगीदाराला आयकरात सवलत मिळते. २०१८ पासून वारशासाठी खास सोडतही काढली जाते. सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवार-रविवारी एरवी बंद असणाऱ्या अनेक वास्तू उघडतात. ही प्रथा १९८४ साली फ्रान्सनेच सुरू केली. (दारव्ह्याच्या वाचकांनी आपला मुक्काम या दोन दिवसांना धरून ठेवावा.)

मार्कंड्याची देवळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तुमच्या शिवारातले देऊळ तसे आहे का, हे आधी पाहावे लागेल. केंद्राची यादी वेगळी आणि १९६०च्या कायद्याखालची महाराष्ट्र शासनाची यादी वेगळी. दोन्हींत नाव नसेल तर देवळाची लांबी-रुंदी, चारही बाजूंची छायाचित्रे, सुटे पडलेले कोरीव दगड आणि गट क्रमांक अशी नोंद तयार कर, ग्रामसभेत ठराव मांडायला सांग आणि तो ठराव नोंदीसह राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला पाठव. सुटे दगड कोणी घराच्या पायाला किंवा पाराला नेत असेल, तर ठरावाची वाट न पाहता सरपंचांशी आजच बोल.