शेवटच्या वर्षाची अ‍ॅनिमेशन फिल्म तीन महिन्यांत पूर्ण होईल का?

सहा मिनिटांची होणार नाही. अडीच मिनिटांची होईल, आणि बहुतेक सहापेक्षा बरी होईल.

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: मास्टर्सचं शेवटचं सत्र, सहा मिनिटांची टूडी फिल्म, बॅकग्राउंड थ्रीडीत. अ‍ॅनिमॅटिक (कच्ची चित्रं वेळेत बसवून केलेला फिल्मचा आराखडा) तयार आहे, दोन महिन्यांत ४० सेकंदांचं अ‍ॅनिमेशन झालंय, बॅकग्राउंड करणारी मैत्रीण मधेच बाहेर पडली आणि सबमिशनला ९० दिवस उरलेत. मुदतवाढ मागू की असंच रेटू, हा तुमचा प्रश्न.

आधी हिशेब मांडू. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सहा मिनिटांच्या ८,६४० फ्रेम. ऑन टूज (एक ड्रॉइंग दोन फ्रेम ठेवून) केलं तरी ४,३२० ड्रॉइंग, आणि प्रत्येकाचं रफ, क्लीनअप, रंग. ९० पैकी शेवटचे २५ दिवस कॉम्पोझिटिंग (सगळे थर एकत्र बसवणं), साउंड, रेंडर (कॉम्प्युटरकडून अंतिम फ्रेम काढून घेणं) आणि ऐनवेळच्या गोंधळाला बाजूला काढा. राहिले ६५. आजवरच्या वेगाने त्यात ४३ सेकंद होतील. पण पहिल्या ४० सेकंदांत तुम्ही पात्र दोनदा बदललं असणार, ब्रश शोधत बसला असणार; आता हात बसलाय. वेग दुप्पट धरला तर जुनं-नवं मिळून दोन मिनिटं होतात. उरलेलं अर्धं मिनिट कसं काढायचं ते पुढे सांगते.

मुदतवाढ आजारपण असेल तर जरूर घ्या, एरवी मागू नका. मी माझ्या फिल्मसाठी दोन महिन्यांची घेतली होती. त्या दोन महिन्यांत काय केलं, तर सुरुवातीचे शॉट पुन्हा काढले! वर्षभरात हात सुधारतो आणि पहिले शॉट डोळ्यांना खुपायला लागतात. ते सुधारेपर्यंत मधले खुपतात. याला अंत नाही. म्हणून गोष्टीच्या क्रमाने काम करू नका: ज्याच्यावाचून फिल्म उभी राहत नाही ते शॉट आधी, आणि अगदी पहिला शॉट सगळ्यात शेवटी, हात सर्वांत चांगला असताना. ज्युरीचं पहिलं मत त्यावरच बनतं.

आता कापाकापी. माझी फिल्म सात मिनिटांची ठरली होती, झाली तीन मिनिटं ४० सेकंदांची. त्यात एक म्हातारी पावसातून घरी येते, दारात छत्री झटकते, मिटते, आत जाते. छत्री मिटतानाची ड्रॉइंग काढून बघा एकदा. आठ काड्या, प्रत्येक दोन काड्यांमधलं कापड वेगळं लोंबतं, आणि दर ड्रॉइंगला त्या लोंबत्या भागाचं क्षेत्रफळ बदललं की कापड रबरासारखं दिसतं. तीन सेकंदांचा शॉट, ३६ ड्रॉइंग, अकरा दिवस. मी सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होते. एडिटला बसल्यावर गाइडनी तो दोनदा बघितला आणि विचारलं, ‘ही घरात आली हे मला कुठे कळतं?’ कळत होतं पुढच्या शॉटमध्ये. कोपऱ्यात टेकवलेली छत्री आणि तिच्याखाली साचलेलं पाणी. ते एकच ड्रॉइंग होतं. अकरा दिवसांचा शॉट गेला आणि फिल्मला ओरखडाही उठला नाही. मी मात्र दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

हे मला अ‍ॅनिमॅटिकवरच कळायला हवं होतं. तुमच्याकडे ते तयार आहे, म्हणून हेवा वाटतो. आज त्याची एक प्रत काढा आणि एकेक शॉट उडवून बघा. उडवल्यावर गोष्ट कळत नसेल तरच तो परत घ्या. ‘सुंदर होईल’ हे कारण चालणार नाही. उरलेलं अ‍ॅनिमॅटिक अशा माणसाला दाखवा ज्याला तुमच्या फिल्मबद्दल काहीच माहीत नाही, आणि मग त्यालाच गोष्ट सांगायला लावा. तो सांगताना तुम्ही मधे बोलायचं नाही. (फार अवघड आहे हे. मी तर तोंडावर हात ठेवून बसले होते.) तो जिथे अडखळेल तिथे शॉट हवाय, जे तो सांगायलाच विसरेल ते बहुधा नकोय.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की ‘फ्लो’ या लॅटव्हियन अ‍ॅनिमेशन फिल्मला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तीही ब्लेंडर या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेली आणि स्टोरीबोर्डशिवाय, म्हणजे आधी शॉटवार चित्रं न काढता. खरं आहे. पण दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी त्याआधी एक अख्खी फिल्म साडेतीन वर्षं खपून एकट्याने केली होती, आणि ‘फ्लो’लाही थ्रीडी अ‍ॅनिमॅटिक होतंच.

राहिलेल्या शॉटमध्ये हात आखडता घ्या. पात्र ऐकत असेल तर पोज होल्ड करा, फक्त पापणी आणि श्वास हलू द्या. चालणं कमरेच्या वर फ्रेम करा, पायांचं संकट टळतं. काही पडणार, फुटणार असेल तर आवाज फ्रेमबाहेरून येऊ द्या आणि दचकणारा चेहरा दाखवा. माझ्या मते पडणारी वस्तू दाखवण्यापेक्षा ते बहुतेक वेळा चांगलंच दिसतं. तुमचं अर्धं मिनिट इथून निघतं. वाचवलेला वेळ मात्र एकाच शॉटवर उधळा, तुमच्या गोष्टीचा जीव ज्यात आहे त्यावर. तो ऑन वन्स (दर फ्रेमला नवं ड्रॉइंग) करा हवं तर.

बॅकग्राउंडचं गणित वेगळं आहे. कॅमेरा स्थिर असेल तर थ्रीडी बॅकग्राउंडची एकच फ्रेम रेंडर करून ती पूर्ण शॉटभर वापरता येते. कॅमेरा हलला की दर फ्रेम वेगळी. फ्रेमला १५ मिनिटं लागत असतील तर एका सेकंदाला सहा तास, दहा सेकंदांच्या पॅनला ६० तास, तेही एकदाही न चुकता. तेव्हा हलता कॅमेरा एक-दोनच शॉटमध्ये. आणि रेंडर थेट व्हिडिओ फाइल म्हणून काढू नका, इमेज सिक्वेन्स काढा, म्हणजे दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल. मशीन मधेच बंद पडलं तर राहिलेल्या फ्रेमपासून पुढे जाता येतं, नाहीतर सगळंच पहिल्यापासून. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. माझी हार्ड डिस्क सबमिशनच्या आदल्या आठवड्यात गेली, याहून जास्त त्यावर लिहायची इच्छा नाही.

साउंड सगळेच शेवटच्या दोन रात्रींवर ढकलतात. साधं अ‍ॅनिमेशन चांगल्या आवाजावर तरून जातं, उलटं होत नाही. पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची कडी हे फोनवर रेकॉर्ड केलेलं असलं तरी आत्तापासून अ‍ॅनिमॅटिकखाली टाका. त्याने शॉटची लांबीही नीट ठरते. एक तारीख ठरवून एडिट लॉक करा. त्यानंतर चार फ्रेम जरी कमी केल्या तरी पुढचा सगळा आवाज सरकतो आणि साउंड करणारा तुम्हाला शिव्या घालतो, योग्यच घालतो. आवडतं गाणं नेटवरून उचलू नका. फेस्टिव्हलला पाठवताना संगीताच्या हक्काचा प्रश्न येतो आणि तेव्हा फिल्म त्या गाण्यावर कापलेली असते.

लांबी कमी करायच्या आधी गाइडना नवं अ‍ॅनिमॅटिक दाखवा आणि त्यांचा होकार मेलवर घ्या. काही ठिकाणी किमान लांबीचा नियम असतो, तो नीट वाचा. मैत्रिणीची बॅकग्राउंड वापरणार असाल तर तिचं नाव श्रेयनामावलीत तिच्याच कामापुढे टाका. राग आला असेल तरी.

टायटलच्या फॉन्टचंही विचारलंय. तो शेवटच्या आठवड्यात निवडा, पण देवनागरी टायटल करणार असाल तर जोडाक्षरं फुटतात का ते आजच तपासा. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिनचा दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय दिसत असेल तर तो निवडा. तरी फुटली तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून चित्र म्हणून आणा. माझ्या स्क्रीनिंगला भल्यामोठ्या पडद्यावर, माझ्या नावाच्या वर, ‘दिग्‌दर्‌शन’ असं आलं होतं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ते मोठ्याने, अडखळत वाचलंसुद्धा.