सील दोनदा बदलूनही एक्सल गळतोय? आधी ब्रीदर बघा

तुम्ही लिहिलंय की दापोलीकडे चालणाऱ्या तुमच्या फोर बाय फोरचं मागच्या डाव्या चाकाचं सील (एक्सलमधलं तेल अडवणारी रबरी कडी) चार महिन्यांत दोनदा बदललं, तरी ड्रमखालून तेल उतरतंच आहे. गाडी पुळणीवर आणि पावसात पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, जाते, हेही लिहिलंय. खरं कारण बहुतेक तिथेच आहे. तिसरं सील आणण्याआधी पहिली दोन का गेली ते शोधा.

तेल बोटावर घ्या. जाड, गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल. पातळ आणि नुसत्या पाण्याने धुऊन जाणारं असेल तर ब्रेक ऑइल. मग व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा सिलिंडर) गळतोय, एक्सल उघडू नका.

गिअर ऑइल असेल तर हाउसिंगवरचा (एक्सलच्या बाहेरच्या कवचावरचा) ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड, काढून हवा आरपार जाते का बघा. लाल माती आणि मिठाने तो चोंदतो. एक्सल तापला की आतली हवा फुगते आणि वाट नसली की सीलच्या लिपमधून, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेतून, तेल बाहेर ढकलते. तापलेला एक्सल पऱ्यात उतरला की उलट होतं: हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. काढलेलं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंच म्हणून समजा. पाणी खारं असेल तर शाफ्टवर सील जिथे टेकतं तिथे गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि खड्ड्यांवर नवं सीलही टिकत नाही.

मग बेअरिंग. गाडी घोडीवर (स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. पुढच्या चाकांना ठोकळे लावा. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग आणि सील एकत्रच बदला, कारण शाफ्ट डगमगला की लिप एका बाजूला उघडी पडते. बेअरिंग कॉलरने (शाफ्टवर घट्ट बसणाऱ्या कडीने) दाबून बसवलेलं असेल तर काम प्रेसवरच करून घ्या आणि कॉलर नवीच घाला. गॅसने तापवून काढू देऊ नका, शाफ्टचा कडकपणा जातो.

शाफ्ट बाहेर आला की सील टेकतं त्या पट्ट्यावर नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय. त्यावर पातळ रिपेअर स्लीव्ह (धातूचं नळकांडं) चढवा, नाहीतर शाफ्ट बदला. हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेने ओढलात तर त्या रेघांतूनच तेल वाट काढेल.

नव्या सीलचा आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी जुन्याशी ताडून बघा. धूळ अडवणारी दुसरी लिप असलेलं मिळालं तर पुळणीसाठी तेच घ्या. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. स्प्रिंगच्या खाचेत थोडं ग्रीस, लिपवर गिअर ऑइल. सीलपेक्षा किंचित लहान व्यासाचा पाइप ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोका. शाफ्ट आत घालताना त्याचं वजन हातावर पेला. स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते) लिपवर टेकले तर नवं सील तिथेच कापलं जातं. दोनदा बदलूनही गळायचं हेही एक कारण असू शकतं.

तेलाने भिजलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका. तापले की तेल पुन्हा वर येतं आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. दोन्ही चाकांचे नवे घाला.

ड्रेन प्लग काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो ना ते बघा. तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, गाडी सपाट जागेवर ठेवून, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. जास्त भरलं तर पुन्हा सीलवरच येईल. आत पाणी गेलं होतं तर ५०-१०० किमीनंतर तेल परत बदला.

शेवटी ब्रीदरला तेल सोसणारी रबरी नळी जोडून टेल लॅम्पच्या मागे उंचावर न्या, एक्सल पूर्ण खाली झुकेल इतकी सैल ठेवून. वरचं तोंड खाली वळवा आणि त्याला छोटा फिल्टर लावा. उघड्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते आणि गळती पुन्हा सुरू होते.