दिवाळीत फराळ न सोडता खाणं कसं सांभाळावं?

फराळ सोडू नका, फक्त तो जेवणात मोजा. पहाटे अभ्यंगस्नानानंतर चकली, चिवडा, लाडू खाल्ला की तोच नाश्ता झाला. नऊ वाजता पुन्हा पोहे कशाला? खरा घोळ इथेच होतो: नाश्ता, वर फराळ, चार वाजता चहाबरोबर फराळ आणि संध्याकाळी ज्या घरी जाऊ तिथे बशी.

तळणीचं गणित साधं आहे. एक ग्रॅम तेला-तुपात सुमारे 9 कॅलरी, साखरेत किंवा पिठात सुमारे 4. म्हणून 'बिनसाखरेची' करंजी मैदा आणि तुपासकट तशी जडच. मधुमेह असेल तर त्या लेबलवर भिस्त ठेवू नका. पातळ पोह्यांचा भाजका चिवडा मात्र तळलेल्यापेक्षा खरंच हलका होतो आणि चवीतही कमी पडत नाही. ओव्हनमधल्या चकलीच्या चवीबद्दल मी असं म्हणणार नाही, त्यापेक्षा तळलेली एकच खावी.

दुपारचं जेवण साधं ठेवा: ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, काकडीची कोशिंबीर, ताक. फराळात भाजी जवळजवळ नसतेच, ती कसर इथे भरून निघते. शेव-चिवड्यात मीठ बरंच असतं, रक्तदाबवाल्यांनी तिथे हात आखडता घ्यावा.

पाहुणे म्हणून गेलात की भरलेली बशी समोर येण्याआधीच सांगा, "काकू, एकच अनारसा द्या, बाकीचं डब्यात." काकू रागावत नाहीत, उलट डबा जरा जास्तच भरतात. तळणीचं उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नका.